परराष्ट्रमंत्र्यांना आपला प्रश्न कोण विचारणार?



निवडणुकीत उमेदवार दारात आला की आपण काय मागतो? बंदराची जेट्टी, बर्फाचा कारखाना, डिझेलचा परतावा, मासळी बाजाराला छप्पर. आपल्याकडे बेळगाव-निपाणी भागात असेल तर तलावाचा ठेका, मत्स्यबीज, नाहीतर रस्ता. मागायलाच पाहिजे, त्यात काही चूक नाही. पण आजवर एकाही उमेदवाराला आपल्यापैकी कुणी विचारलं नसेल, की दिल्लीला गेल्यावर परराष्ट्रमंत्र्यांना तुम्ही काय विचारणार?

परराष्ट्र खातं म्हटलं की आपल्याला वाटतं, ते मोठ्या लोकांचं काम. परिषदा, विमानं, हातात हात घेतलेले फोटो. मासळीच्या टोपल्यांचा आणि त्याचा काय संबंध? आमचं म्हणणं असं, की या देशात परराष्ट्र खात्याशी ज्यांचा सगळ्यात जवळचा संबंध येतो, त्यांत सैनिकानंतर मच्छीमारच असेल. शेतकऱ्याच्या बांधाला शेजारच्या शेतकऱ्याचा बांध लागतो. आपल्या समुद्राला दुसरा देश लागतो, आणि तिथे ना बांध, ना कुंपण, ना पाटी.

आता कुणी म्हणेल, बेळगाव-निपाणीत समुद्र कुठून आणला? तर तो रोज पहाटे येतो. आंबोली घाटातून येतो, चोर्ला घाटातून येतो, बर्फात भरून येतो. आपल्यातले काही जण हिडकलच्या पाण्यात आणि वेदगंगा-दूधगंगेत जाळं टाकतात. काहींची सोयरीक वेंगुर्ला, मालवण, कारवारात आहे. काही जण तिकडच्या बोटमालकांचा माल इकडे विकतात. किनाऱ्यावर बोट अडकली की इथल्या बाजारात ओटा रिकामा राहतो. म्हणून हा विषय या पानावर.

आणि दुसरं कारण जास्त मोठं आहे. परराष्ट्राच्या प्रश्नावर सरकारला सभागृहात कसं उभं करायचं, हे ज्या माणसाने दाखवून दिलं, तो माणूस किनाऱ्याचाही होता आणि आपल्या सीमाभागाचाही. बॅरिस्टर नाथ पै.

नाथ पै यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. १९४२ च्या चळवळीत तुरुंगवास भोगला, पुढे इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले, युरोपात समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. तिकडेच राहिले असते तर सुखात गेलं असतं. पण परत आले आणि १९५७ साली राजापूर मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षातर्फे लोकसभेत गेले. १९६२ ला पुन्हा, १९६७ ला पुन्हा. मतदारसंघ कसला, तर खाड्या, डोंगर, मनिऑर्डरवर चालणारी घरं आणि मासेमारी करणारी गावं. रेल्वे नाही, धड रस्ता नाही. अशा भागाचा खासदार परराष्ट्र धोरणावर बोलायला उभा राहायचा, आणि सभागृह ऐकायचं.

तेव्हा परराष्ट्रमंत्री कोण होते हे लक्षात घ्या. पंडित नेहरू. १९४७ पासून १९६४ पर्यंत पंतप्रधानपद आणि परराष्ट्र खातं दोन्ही त्यांच्याकडेच होतं. म्हणजे परराष्ट्र खात्याला प्रश्न विचारायचा, तर तो थेट पंतप्रधानांना विचारायचा. तेही साध्यासुध्या नाही, जगात ज्यांचा शब्द चालत होता अशा पंतप्रधानांना. विरोधी बाकांवरच्या पस्तिशीतल्या कोकणी खासदाराने ते केलं. तिबेटवर केलं, चीनवर केलं, गोव्यावर तर सतत केलं. आदर ठेवून केलं, पण सोडलं नाही.

अशा प्रश्नांचा उपयोग काय होतो, त्याचं उदाहरण त्याच काळातलं. चीनबरोबरच्या सीमेवर काय चाललंय, हे बरीच वर्षं लोकांना नीट माहीत नव्हतं. १९५९ च्या ऑगस्टमध्ये सभागृहात सदस्यांनी प्रश्नांचा रेटा लावला, तेव्हा अक्साई चीनमधला रस्ता आणि लोंगजूचा प्रकार नेहरूंना संसदेत सांगावा लागला. सप्टेंबरमध्ये दोन देशांमधल्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका संसदेपुढे आली. म्हणजे जे कागद कपाटात होते ते टेबलावर आले. प्रश्नाची ताकद ती. प्रश्नाने लढाई थांबत नाही, पण झाकलेलं उघडं पडतं.

गोव्याचा प्रश्न तर नाथ पैंच्या उंबऱ्यावरचा होता. आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण १९६१ च्या डिसेंबरपर्यंत तेरेखोलच्या खाडीपलीकडे परदेश होता. वेंगुर्ला-शिरोड्याच्या मच्छीमाराने वल्हं थोडं जास्त मारलं तर तो पोर्तुगालच्या हद्दीत. बेळगावातून रामनगरच्या बाजूने गेलं की पुढे परदेश. त्यामुळे परराष्ट्र धोरण ही आपल्या आजोबांसाठी पेपरात वाचायची गोष्ट नव्हती. पोटापाण्याची गोष्ट होती.

१९६१ च्या नोव्हेंबरात कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीज शिपायांनी 'साबरमती' या जाणाऱ्या बोटीवर गोळ्या झाडल्या. त्याच दिवसांत मासेमारीला गेलेल्या एका मच्छीमाराचाही त्यांच्या गोळीने जीव गेला. देशभर ते गाजलं, संसदेत गाजलं. बेळगावात सैन्याची जमवाजमव झाली, आणि १८-१९ डिसेंबरला गोवा मोकळा झाला. अंजदीववर उतरताना आपल्या नौदलाचे सात जवान गेले. गोवामुक्तीचा इतिहास सांगताना सत्याग्रही आठवतात, सैन्य आठवतं, आणि आठवायलाच हवं. पण शेवटच्या महिन्याभरात सगळा देश ज्यामुळे पेटून उठला, त्यात एका मच्छीमाराचं मरणही होतं, हे आपण तरी विसरू नये.

आता आजच्या गोष्टीकडे येऊ.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात २१ मे २००८ रोजी कैद्यांबाबत करार झाला. त्याप्रमाणे दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दोन दिवशी दोन्ही देश एकमेकांना याद्या देतात, की तुमची इतकी माणसं आमच्या तुरुंगात आहेत. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात १९३ भारतीय मच्छीमार होते, आणि इतर ५३ कैदी. भारताच्या ताब्यात त्यांचे ८१ मच्छीमार होते, इतर ३८२ कैदी.

त्याच दिवशी आपल्या सरकारने पाकिस्तानला सांगितलं, की आमचे १५९ मच्छीमार आणि कैदी असे आहेत की त्यांची शिक्षा भोगून संपलेली आहे, त्यांना सोडा.

हा १५९ चा आकडा परत एकदा वाचा. शिक्षा भोगून संपलेली आहे. तरी आत आहेत. करारात काय लिहिलंय? अटक झाली की लगेच कळवायचं. तीन महिन्यांच्या आत वकिलातीच्या माणसाला भेटू द्यायचं. शिक्षा संपली आणि माणूस कुठल्या देशाचा हे नक्की झालं, की एका महिन्याच्या आत घरी पाठवायचं. एक महिना. इथे लोकांची वर्षं चालली आहेत.

या कैद्यांची विचारपूस करायला दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती २००७ साली नेमली होती. तुरुंगात जायचं, कैद्यांना भेटायचं, आजारी कोण, शिक्षा कुणाची संपली ते बघायचं, असं तिचं काम. ऑक्टोबर २०१३ नंतर तिचं काम थांबलं. तेव्हा जन्मलेलं पोर आता मिसरूड फुटायला आलं. समिती तिथेच.

या १९३ मध्ये बहुतेक खलाशी होते. मोठे बोटमालक नव्हेत, मजुरीवर जाणारी माणसं. गुजरातच्या बोटींवर पालघर-डहाणूकडचे खलाशी किती असतात ते आपल्या किनाऱ्यावरच्या पाहुण्यांना विचारा. ६ नोव्हेंबर २०२१ ला 'जलपरी' या गुजरातच्या बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला, त्यात पालघर जिल्ह्यातला आपला एक मराठी खलाशी जागीच गेला. भारत सरकारने पाकिस्तानच्या अधिकाऱ्याला बोलावून निषेध केला. चार दिवस बातम्या चालल्या. पाचव्या दिवशी त्या घरात चूल कशी पेटली, हे कुणी विचारलं नाही.

आणि इथे एक पेच येतो, जो आपल्या सीमाभागातल्या माणसाला लगेच कळेल. बोट गुजरातची, खलाशी महाराष्ट्राचा. पकडला तर घरच्यांना मदत कुणी करायची? बोटीच्या राज्याने की माणसाच्या राज्याने? हे म्हणणार तिकडे जा, ते म्हणणार इकडे जा. दोन राज्यांच्या मध्ये सापडलेल्या माणसाचं काय होतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको. काळम्मावाडीतून पाणी सुटतं महाराष्ट्रात, जाळी वाहून जातात कर्नाटकात, आणि अर्ज घेऊन कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते कळत नाही. खलाशाच्या बायकोचंही तेच होतं. फक्त तिच्या बाबतीत तिसरी खिडकी दिल्लीची असते आणि चौथी कराचीची.

बोटमालकांनीही हे दुसऱ्याचं दुखणं समजू नये. माणूस आज ना उद्या वाघा सीमेवरून चालत येतो. बोट येत नाही. ती तिकडे बांधून ठेवलेली असते, लाकूड कुजतं, इंजिन गंजतं. इकडे बँकेचा हप्ता मात्र चालू. भारत सरकार प्रत्येक वेळी मागणी करताना 'मच्छीमार, त्यांच्या बोटींसह' असंच म्हणतं. पण किती बोटी अडकल्यात, किती परत आल्या, विम्याचं काय, याचा हिशेब बोटमालकाला समोरून कुणी देत नाही. तो मागून घ्यावा लागतो.

मागायचा कसा? इथे खासदार येतो.

लोकसभेत रोज पहिला तास प्रश्नांचा. तारांकित प्रश्न दिवसाला वीसच असतात. त्यांना मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि त्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित प्रश्न २३० पर्यंत असतात, त्यांची उत्तरं लेखी येतात. पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. प्रत्येक खात्याचा वार ठरलेला असतो. याशिवाय शून्य प्रहर आहे, नियम ३७७ खालची सूचना आहे. राज्यसभेतही अशीच व्यवस्था आहे.

यात आपल्या कामाची गोष्ट ही, की लेखी उत्तर हा सरकारी कागद असतो. मंत्र्याच्या सहीशिक्क्याइतकाच तो चालतो. त्यात खोटं लिहिलं तर हक्कभंग होतो. मंत्री म्हणाले 'माहिती घेऊन कळवतो', तर ते आश्वासन धरलं जातं आणि ते पुरं करून घ्यायला संसदेची वेगळी समिती असते, तीन महिन्यांची मुदत असते. आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, साहेब हसून घेतात आणि ते फायलीत जातं. लेखी प्रश्नाचं तसं होत नाही. त्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते उत्तर हातात घेऊन उद्या कोर्टात जाता येतं, बँकेत जाता येतं, कलेक्टरकडे जाता येतं.

न विचारल्याने काय होतं, तेही बघा. तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधलं कच्चतीवू बेट १९७४ च्या जूनमधल्या करारात श्रीलंकेकडे गेलं. करारावर सह्या आधी झाल्या आणि परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग यांनी लोकसभेत निवेदन केलं २३ जुलैला. तमिळनाडूच्या खासदारांनी कडाडून विरोध केला, पण करार होऊन गेला होता. निदान त्यात जाळी वाळवायला, जत्रेला त्या बेटावर जाण्याची सोय तरी होती. पुढे २३ मार्च १९७६ ला दोन देशांच्या परराष्ट्र सचिवांमध्ये पत्रांची देवघेव झाली आणि एकमेकांच्या पाण्यात मासेमारी करायची नाही असं ठरलं. हजारो मच्छीमारांचं पोट ज्यावर, ते पत्रांत ठरलं. आणि ती वेळ कुठली? आणीबाणीची. प्रश्न विचारणारे कितीतरी खासदार तुरुंगात होते. नाथ पैंच्या मागून राजापूरहून निवडून गेलेले मधु दंडवते यांना २६ जून १९७५ ला बंगळूरमध्येच अटक झाली होती. म्हणजे कोकण किनाऱ्याचा खासदार कर्नाटकातल्या तुरुंगात, आणि तिकडे समुद्राची वाटणी चालू. आज पन्नास वर्षं होत आली, रामेश्वरमचे मच्छीमार त्याचे परिणाम भोगतायत.

आता विचारल्याने काय होतं ते. १५ फेब्रुवारी २०१२ ला केरळच्या किनाऱ्यापुढे 'एनरिका लेक्सी' या इटलीच्या जहाजावरच्या सैनिकांनी 'सेंट अँटनी' या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या. दोन मच्छीमार गेले. पुढच्या वर्षी ते दोन सैनिक मतदानाच्या नावाखाली इटलीला गेले, आणि ११ मार्च २०१३ ला इटलीने जाहीर केलं की ते परत येणार नाहीत. संसदेत गदारोळ झाला. दोनच दिवसांत पंतप्रधान मनमोहन सिंग यांना सभागृहात सांगावं लागलं, की इटलीने शब्द पाळला नाही तर परिणाम होतील. सुप्रीम कोर्टाने इटलीच्या राजदूताला देश सोडायला बंदी केली. २२ मार्चला दोघेही सैनिक दिल्लीत हजर! पुढे आंतरराष्ट्रीय लवादाने खटला भारतात चालवू दिला नाही, ते दुःख आहेच. पण दहा कोटी रुपये भरपाई मिळाली. दोन्ही कुटुंबांना चार-चार कोटी आणि बोटमालकाला दोन कोटी. केरळच्या लोकांनी, त्यांच्या खासदारांनी नऊ वर्षं तो विषय थंड होऊ दिला नाही, म्हणून.

आमच्या पालघरच्या खलाशासाठी असं कोण भांडलं? सावकाश विचार करा. उत्तर सापडलं तर आम्हालाही सांगा.

काही मंडळी म्हणतील, परराष्ट्राच्या विषयात सरकारला प्रश्न विचारणं म्हणजे शत्रूला बळ देणं. याचं उत्तर नाथ पैंनीच देऊन ठेवलंय, वागण्यातून. १९५९ ला चीनबद्दल प्रश्न विचारणारेच १९६२ ला देशाच्या पाठीशी उभे राहिले. प्रश्न आधी नीट ऐकले असते तर तयारी जास्त झाली असती, असंच उलट म्हणावं लागेल. आणि सभागृहाचे नियमही आंधळे नाहीत. मित्र देशाचा अपमान होईल असा प्रश्न घेतलाच जात नाही. देशाच्या सुरक्षेची गुपितं कुणी मागत नाही. आमचा माणूस कधी सुटणार, एवढं विचारण्यात कसलं आलंय गुपित?

दुसरे म्हणतील, हे लोक हद्द ओलांडतातच कशाला? ओलांडली असेलही. रात्री, वाऱ्यात, मासळीच्या मागे जाताना पाण्यावर रेघ दिसत नाही. सर क्रीकच्या बाजूला तर दोन देशांमध्येच अजून रेघेवर एकमत नाही. आणि समजा चूक झाली. चुकीला शिक्षा असते, ती या माणसांनी भोगली. भोगून झाल्यावर पुढचा प्रत्येक दिवस कुठल्या कायद्याने? याच न्यायाने आपल्या तुरुंगातल्या त्यांच्या मच्छीमारांबद्दलही विचारायला हवं, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. काहींना हे आवडणार नाही. पण तेही कुणाचे तरी बाप आहेत, आणि व्यवहार बघितला तरी, ज्यांची शिक्षा संपली ते त्यांचे सुटले की आपल्या लोकांसाठी दार किलकिलं होतं. जाळं दोन्ही टोकांनी ओढावं लागतं.

तिसरे म्हणतील, आपण पडलो कर्नाटकात, आपल्या खासदाराचा पाकिस्तानातल्या कैद्यांशी काय संबंध? संबंध आहे. उत्तर कन्नड जिल्ह्याचा किनारा कर्नाटकातच आहे. दुबईच्या बोटींवर कामाला गेलेले तिकडचे मच्छीमार २०१८ साली इराणच्या ताब्यात कित्येक महिने अडकून पडले होते. म्हणजे ही आपत्ती बेळगावपासून चार तासांच्या वाटेवर येऊन गेली आहे. शिवाय खासदार हा फक्त आपल्या मतदारसंघाचा नसतो. नाथ पै राजापूरचे खासदार होते, पण तिबेटवर बोलले. तिबेटात त्यांचं एक मतही नव्हतं.

उलट आपल्या सीमाभागाला इथे एक सोय आहे, जी दुसऱ्या कुणाला नाही. एरवी आपण दोन दरडींवर पाय ठेवून उभे असतो, म्हणून दोन्हीकडून बोलणी खातो. या विषयात दोन्ही दरडी उपयोगी पडतील. आपलं मत कर्नाटकात आहे, बेळगाव आणि चिक्कोडी या दोन मतदारसंघांत. आपली सोयरीक, भाषा आणि धंदा महाराष्ट्र-गोव्याशी बांधलेला आहे. कर्नाटकाचे लोकसभेत २८ आणि राज्यसभेत १२, महाराष्ट्राचे ४८ आणि १९, गोव्याचे २ आणि १. एवढ्या ११० खासदारांपैकी पाच जणांनी जरी एकाच अधिवेशनात वेगवेगळे प्रश्न टाकले, तरी परराष्ट्र खात्यात आपली फाईल वर येईल. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे. तो सुटेल तेव्हा सुटेल. तोवर समुद्रावरच्या माणसासाठी दोन राज्यांचे खासदार एका बाजूला उभे राहिले, तर कुणाचाच अभिमान कमी होणार नाही.

आणि परदेश काही फक्त पाकिस्तानपुरता नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कितीतरी बोटींवर नेपाळचे खलाशी असतात. नेपाळात काही झालं की डेक रिकामं होतं. १७ जून २०२२ ला जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेत मासेमारीच्या अनुदानांवर करार झाला. पुढच्या बोलण्यांत भारत आपल्यासारख्या देशांसाठी २५ वर्षांची सवलत मागतोय. तिथे काय ठरेल त्यावर उद्या आपल्या डिझेलच्या परताव्याचं भवितव्य आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आयात कर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा कोळंबीवाल्यांचे डोळे पांढरे झाले. ही सगळी बोलणी आपल्या नावाने होतात, आणि आपल्याला कळतात सगळ्यात शेवटी.

म्हणून आम्ही पाच प्रश्न तयार केले आहेत. साधे आहेत, एका ओळीचे आहेत. मंत्र्यांना टाळता येऊ नयेत असे केले आहेत.

१. पाकिस्तानच्या तुरुंगातल्या भारतीय मच्छीमारांपैकी महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकातले किती, आणि त्यातल्या किती जणांची शिक्षा कोणत्या तारखेला संपली?

२. २००८ च्या करारातली एका महिन्याची अट किती जणांच्या बाबतीत पाळली गेली नाही, आणि सरकारने त्याबद्दल कोणत्या तारखांना पाठपुरावा केला?

३. दोन्ही देशांच्या न्यायाधीशांच्या समितीची बैठक पुन्हा केव्हा होणार?

४. पाकिस्तानच्या ताब्यात भारतीय मच्छीमारांच्या किती बोटी आहेत, गेल्या दहा वर्षांत किती परत आल्या, आणि बोट न आल्यास मालकाच्या कर्जाचं काय?

५. बोट एका राज्याची आणि खलाशी दुसऱ्या राज्याचा असेल, तर घरच्यांना मदत कोण देणार, हे ठरवायला केंद्र सरकार दोन्ही राज्यांना एकत्र बसवणार का?

हे प्रश्न मराठी, कन्नड आणि इंग्रजीत लिहून आपल्या संस्थेतर्फे बेळगाव आणि चिक्कोडीच्या खासदारांना, तसंच किनाऱ्यावरच्या खासदारांना देणार आहोत. पक्ष कुठला ते बघणार नाही. कुणी कुठल्या झेंड्याखाली निवडून आलाय याच्याशी तुरुंगातल्या खलाशाला काही देणंघेणं नाही. आणि उत्तर आलं की जसंच्या तसं या पानावर टाकू. नाही आलं, प्रश्न टाकलाच नाही, तर तेही तारखेसकट टाकू.

सभासदांना एवढंच सांगणं. नुसतं 'बरोबर आहे' म्हणून पुढे जाऊ नका. तुमच्या ओळखीत, सोयरिकीत कुणाचा माणूस अडकला असेल, बोट अडकली असेल, तर नाव, बंदर, बोटीचा नंबर आणि पकडल्याची तारीख कागदावर लिहून संस्थेत आणून द्या. पानावर उघड लिहू नका, त्या घराची आब सांभाळा. आकडा नसलेल्या प्रश्नाला मंत्री गोल उत्तर देतात. नाव-गाव-तारीख असेल तर गोल उत्तर देता येत नाही.

१७ जानेवारीला आपण दरवर्षी हुतात्म्यांना अभिवादन करतो. १९७१ च्या १७ जानेवारीला नाथ पै बेळगावात त्याच दिवसासाठी आले होते, सभेत बोलले, आणि १८ तारखेला इथेच त्यांचा प्राण गेला. वय अवघं ४८. शहापुरात त्यांच्या नावाचा चौक आहे, मालवणात सेवांगण आहे. पुतळ्यांना हार घालणारे खूप आहेत. त्यांच्यासारखा प्रश्न विचारणारा एक खासदार आपल्याला पुढच्या अधिवेशनात हवा आहे. तो आपोआप मिळत नसतो, मतदारांनी त्याच्या हातात प्रश्न द्यावा लागतो.

तेवढं आपण करू.